जॉन्सटाउन पूर संग्रहालय आणि साउथ फोर्कचं धरण: आधी धरण पाहा, मग गाव

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या जॉन्सटाउनला येणारे बहुतेक पाहुणे थेट वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या पूर संग्रहालयात शिरतात, तास-दीड तासात बाहेर पडतात आणि पिट्सबर्गचा रस्ता धरतात. पैसे वाया जात नाहीत, पण गोष्ट अर्धीच हाती लागते. ३१ मे १८८९ ला साउथ फोर्कचं धरण फुटून गावात काय झालं, हे संग्रहालय फार चांगलं सांगतं. ते का झालं, हे समजायला पाण्याच्या वाटेनं चौदा मैल वर, म्हणजे सुमारे साडेबावीस किलोमीटर, साउथ फोर्कच्या फुटक्या धरणावर जावं लागतं. तिथे राष्ट्रीय उद्यान सेवेचं स्मारक आहे आणि प्रवेश फुकट आहे. सकाळी स्मारक आणि दुपारी संग्रहालय असा बेत केला तर दिवस बरोबर पुरतो.

धरणाकडे निघण्याआधी गावाचा नकाशा एकदा बघून घ्यावा. लिटल कॉनेमॉ आणि स्टोनीक्रीक या दोन नद्यांचा संगम गावातच होतो आणि पुढे ती कॉनेमॉ म्हणून वाहते. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मधे चिंचोळी सपाटी, आणि त्या सपाटीतच १८५२ मध्ये स्थापन झालेल्या कॅम्ब्रिया आयर्न कंपनीचे कारखाने, रेल्वे, बाजार आणि कामगारांची घरं. रेल्वेचे रूळ बनवणारी ही त्या काळातली देशातली एक मोठी कंपनी. भट्ट्यांतून निघणारी धातूची मळी वर्षानुवर्षं नदीकाठी टाकून भराव केला गेला, त्यावर बांधकामं झाली आणि पात्र अरुंद होत गेलं. डोंगरांवरची झाडंही तोडली गेली होती. त्यामुळे तळघरात पाणी शिरणं हे गावाच्या अंगवळणी पडलं होतं. धरणाबद्दलच्या सूचना लोकांनी हसण्यावारी नेल्या, त्यामागे हीच सवय होती.

स्मारकाच्या माहिती केंद्रात साधारण ३५ मिनिटांचा चित्रपट दाखवतात. तो चांगला आहे, पण लहान मुलं घाबरतील असा आहे. सोबत पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर एकानं बाहेर थांबावं. चित्रपट संपला की प्रदर्शनात न रेंगाळता धरणाच्या खांद्यांकडे चालत जावं. खरी वस्तू तिथे आहे. मातीच्या भरावाचे दोन टोकाचे तुकडे उभे आहेत आणि मधलं सगळं गेलेलं आहे. त्या खिंडारातून आता एक ओढा आणि रेल्वेचा रूळ जातो. ज्याला तळं म्हणत, तिथे गवत आणि झाडं आहेत. आकडा वाचून जे कळत नाही ते इथे उभं राहून कळतं: भिंत ७२ फूट उंच आणि ९३१ फूट लांब होती, आणि तिच्यामागे सुमारे १ कोटी ४५ लाख घनमीटर पाणी होतं. आपल्या हिशेबात जेमतेम अर्धा टीएमसी, खडकवासल्याच्या साधारण पाव हिस्सा. धरण म्हणून हे काही मोठं नव्हे. पण खालचं गाव त्याच्याहून सुमारे साडेचारशे फूट खाली आणि मधली दरी नळीसारखी अरुंद.

इथे लावलेले फलक वाचताना एक प्रश्न धरून ठेवावा: पाण्याला बाहेर जायला किती वाटा होत्या? मूळ धरण पेनसिल्वेनिया सरकारनं कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलं आणि १८५३ मध्ये पुरं केलं. तेव्हा दोन वाटा होत्या. एक म्हणजे बाजूच्या खडकात कोरलेला सांडवा. दुसरी म्हणजे तळाशी बसवलेले दोन-दोन फूट व्यासाचे पाच ओतीव लोखंडी नळ, ज्यांतून तळं हवं तेव्हा खाली करता यायचं. तोवर रेल्वे आली आणि कालवा निरुपयोगी ठरला. १८५७ मध्ये धरण पेनसिल्वेनिया रेल्वेच्या ताब्यात गेलं आणि कुणी त्याच्याकडे पाहिनासं झालं. १८६२ मध्ये ते एकदा फुटलंही, पण तळं पुरतं भरलेलं नसल्यानं फारसं नुकसान झालं नाही. पुढच्या एका मालकानं ते पाचही नळ उपटून भंगारात विकले. १८७९ मध्ये बेंजामिन रफ यांनी हे सगळं विकत घेतलं आणि पिट्सबर्गच्या श्रीमंतांसाठी मासेमारी-शिकारीचा क्लब काढला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन ही नावं सभासदांच्या यादीत आहेत.

रफ यांच्या दुरुस्तीत चार चुका झाल्या आणि चारही जागेवर उभं राहून समजतात. पहिली: नळ परत बसवले नाहीत. म्हणजे भिंतीत काही बिघडलं तरी पाणी उतरवून दुरुस्ती करायची सोयच उरली नाही. दुसरी: माथ्यावरून बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेऊन रुंद केला. तिसरी: सांडव्यावर पूल बांधला आणि महागातले मासे निसटू नयेत म्हणून त्याच्याखाली जाळ्या बसवल्या. पुरात वाहून येणारा काडीकचरा त्या जाळ्यांत अडकला की उरलेली एकमेव वाटही तुंबणार, हे उघड होतं. चौथी चूक सगळ्यात वाईट. १८६२ मध्ये पडलेलं खिंडार बुजवलं त्या मधल्या भागात भराव खचत गेला आणि माथ्याला मध्येच खोलगा पडला. मातीच्या धरणावरून पाणी जाता कामा नये, हा पहिला नियम. तरी गेलंच तर ते कडेनं, खडकावरून जावं. इथे नेमकं मधून, जिथे भिंत पायापासून सर्वात उंच तिथूनच पाणी पडेल अशी रचना होऊन बसली. वरून पडणारं पाणी गावाकडच्या बाजूचा उतार पोखरतं, माथा पातळ होतो, आणि मग भिंत एकदम जाते.

सावध करणारा कुणी नव्हता असं नाही. कॅम्ब्रिया आयर्नचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये जॉन फुल्टन यांना पाहणीसाठी पाठवलं. फुल्टननी नळ नसल्याचं आणि दुरुस्ती कच्ची असल्याचं लिहून दिलं. मॉरेल खर्चात वाटा उचलायलाही तयार होते. रफ यांनी नकार कळवला. दुर्घटनेनंतर अमेरिकन सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेनं नेमलेल्या समितीनं १८९१ च्या अहवालात निष्कर्ष काढला की मूळ रचना कायम असती तरी धरण ओसंडून फुटलंच असतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं हे खोडून काढलं: माथा सुमारे तीन फूट उतरवल्यामुळे पाणी सोडण्याची क्षमता निम्म्यावर आली होती. समितीवर विसंबलेल्यांनी सव्वाशे वर्षं क्लबला एक पळवाट दिली, असं म्हणायला हरकत नाही.

३१ मे १८८९ ला सकाळपासून तळं दर तासाला काही इंच चढत होतं. मजुरांनी दुसऱ्या टोकाला चर खणायचा प्रयत्न केला, पण खाली खडकाळ जमीन लागली. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्कला गेला, तिथून तारा गेल्या, पण खाली कुणी मनावर घेतल्या नाहीत. तीनच्या आसपास भिंत गेली. चार वाजून सात मिनिटांनी पाणी जॉन्सटाउनमध्ये होतं.

आता त्या पाण्यामागोमाग खाली यायचं. गाडीनं सरळ येता येतं, पण सायकल असेल तर एहरेनफेल्डपासून पुराच्या मार्गावर आखलेली पायवाट धरावी. बहुतेक उतार आहे. वाटेत स्टेपल बेंड बोगदा लागतो, ९०१ फुटांचा, अमेरिकेतला पहिला रेल्वे बोगदा. आत दिवे नाहीत. मोबाइलच्या उजेडावर भागवू नका. चांगली बॅटरी हवी, आणि उन्हाळ्यातही आत गारठा असतो.

संग्रहालय ज्या इमारतीत आहे तिच्यापासूनच सुरुवात करावी. गावातलं जुनं ग्रंथालय पुरात गेलं, आणि त्याच्या जागी हे उभारायला पैसे दिले अँड्र्यू कार्नेगी यांनी. जे वरच्या तळ्याच्या क्लबचे सभासद होते, त्यांच्याच देणगीच्या भिंतींत पुराचं संग्रहालय बसलेलं आहे. यावर याहून जास्त टिप्पणी करायची गरज नाही.

आतली सर्वांत उपयोगाची वस्तू म्हणजे दरीचा उठावाचा नकाशा. दिव्यांची रेघ धरणापासून गावापर्यंत सरकत जाते आणि कुठे किती वेळ लागला हे आवाजासकट दाखवते. वरून येणाऱ्यानं तो सावकाश बघावा, मघाशी पाहिलेलं वळण अन् वळण ओळखता येतं. दरीतल्या ७८ फुटी रेल्वे पुलानं पाणी क्षणभर अडवलं, तिथे पुन्हा तळं साचलं आणि मग सगळं एकदम सुटलं, हे तिथेच लक्षात येतं. पाण्याबरोबर झाडं, घरं, इंजिनं, डबे आणि गॉटियर तार कारखान्यातली काटेरी तार आली. त्या तारेचं काय झालं हे संग्रहालयातला ढिगाऱ्याचा देखावा नीट दाखवतो. संगमाखालच्या सात कमानींच्या दगडी पुलाला सगळं तुंबलं, सुमारे ३० एकरांवर. काटेरी तारेनं ते गुंडाळून घट्ट केलं होतं, म्हणून आत अडकलेल्यांना ओढून काढता येईना. रात्री त्याला आग लागली. एकूण मृत २,२०९. त्यांतली ९९ कुटुंबं मुळासकट गेली.

छायाचित्रांतलं शुल्ट्झ यांच्या घराचं चित्र चुकवू नका. लाकडी दुमजली घर कुशीवर पडलंय आणि वरच्या खिडकीतून एक अख्खं झाड मुळांसकट बाहेर आलंय. घरातले सहाही जण वाचले. चार्ल्स गुगेनहाइम यांचा माहितीपट इथे दाखवतात. १९८९ सालच्या सर्वोत्कृष्ट लघुमाहितीपटाचं ऑस्कर त्याला मिळालं होतं. स्मारकावरचा पाहिला असला तरी हाही पाहावा, दोन्ही वेगळे आहेत. वाचलेल्यांसाठी बाहेरून आणून जोडलेल्या तयार घरांपैकी एक ‘ओक्लाहोमा’ घर जपून ठेवलंय. त्याच्या खोल्यांचा आकार बघितला की मदतकार्य म्हणजे काय असतं ते समजतं. क्लारा बार्टन आणि अमेरिकन रेड क्रॉस ५ जूनला पोहोचले आणि पाच महिने राहिले.

संग्रहालयाबद्दल तक्रार एकच, पण मोठी. सगळा भर १८८९ वर आहे. नंतरचे पूर शेपटासारखे येतात. मार्च १९३६ च्या पुरानंतर सैन्याच्या अभियंता दलानं नद्यांची पात्रं रुंद करून काँक्रीटनं बांधून काढली आणि गाव स्वतःला ‘पूरमुक्त’ म्हणवू लागलं. मदतीसाठी राज्यानं दारूवर तात्पुरता १० टक्के कर लावला. तो आजही चालू आहे, १८ टक्के, आणि संपूर्ण पेनसिल्वेनियातल्या प्रत्येक बाटलीच्या किमतीत असतो. मग १९ आणि २० जुलै १९७७ च्या रात्री दहा तासांत बारा इंचांच्या आसपास पाऊस झाला. आसपासची सहा धरणं फुटली. त्यांतलं लॉरेल रनचं मातीचं धरण सांडवा अपुरा पडून माथ्यावरून ओसंडलं आणि खालच्या टॅनरीव्हिलमध्ये सर्वाधिक माणसं गेली. म्हणजे ८८ वर्षांनी, त्याच डोंगरांत, त्याच कारणानं. हे दोन धरणांचं साम्य भिंतभर मांडायला हवं होतं. १९७७ नंतर पोलाद कारखान्यांची घसरण वेगानं झाली आणि बेथलेहेम स्टीलनं १९९२ मध्ये इथलं काम बंद केलं. १९२० मध्ये ६७ हजारांवर असलेली वस्ती २०२० च्या जनगणनेत १८ हजारांवर आली. १० जुलै १९०२ चा रोलिंग मिल खाणीतला स्फोट, ११२ मृत, पुराच्या आठवणींखाली पार दबून गेलाय.

पुरानंतर लोकांना वर डोंगरावर वस्ती करता यावी म्हणून कॅम्ब्रिया कंपनीनं बांधलेला इन्क्लाइन, म्हणजे तारेनं ओढला जाणारा तिरपा पाळणा, १८९१ पासूनचा आहे. त्याच्या डब्यात मोटारगाडीसुद्धा मावते. १९३६ मध्ये त्यानंच हजारो लोकांना वर नेलं. तो चालू आहे की दुरुस्तीसाठी बंद, हे निघण्याआधी विचारून घ्या. बंद असला तरी गाडीनं वेस्टमाँटला चढून ग्रँडव्ह्यू दफनभूमी पाहता येते. ओळख न पटलेल्या ७७७ जणांसाठी तिथे एकसारख्या कोऱ्या दगडांच्या रांगा आहेत.

संग्रहालयाचे उघडे वार हंगामानुसार बदलतात, हिवाळ्यात कमी असतात. धरणाच्या खांद्यांवरच्या पायवाटा पावसानंतर निसरड्या होतात, पकड असलेले बूट घाला. पर्याय असेल तर ३१ मे ला जा: संध्याकाळी धरणाच्या जागेवर २,२०९ दिवे लावतात. गाव सोडण्याआधी मेन आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नगरपालिकेच्या इमारतीशी थांबा. भिंतीवर तीन पाट्या आहेत: १८८९, १९३६, १९७७, पाणी कुठवर आलं ते दाखवणाऱ्या. सर्वांत वरची वाचायला मान मागे टाकावी लागते.