पोर्शन मार्किंगमधून सूट: वेव्हर मागावं की दुसरी वाट धरावी?

अमेरिकेच्या केंद्र सरकारात किंवा सरकारी कंत्राटावर क्लासिफाइड, म्हणजे गोपनीय ठरवलेले, अहवाल लिहिणाऱ्या गटांत एक मागणी हमखास पुढे येते: प्रत्येक परिच्छेदाआधी कंसात 'यू' (अनक्लासिफाइड), 'सी' (कॉन्फिडेन्शियल), 'एस' (सीक्रेट) किंवा 'टीएस' (टॉप सीक्रेट) लिहीत बसण्यातून आपल्याला सूट मिळवा. सूट मिळू शकते. पण ती एकाच प्रकारची नाही, आणि तिची किंमत बहुतेक वेळा मागणाऱ्याला नाही, तर त्याच्या नंतर तो कागद हातात घेणाऱ्याला मोजावी लागते. हे आधी कळलं तर बरेच अर्ज लिहिलेच जाणार नाहीत असं मला वाटतं. तुमच्यासमोर अशी निवड असेल तर कोणती वाट कशासाठी आहे, ते इथे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आधी मूळ नियम. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २९ डिसेंबर २००९ रोजी काढलेला कार्यकारी आदेश १३५२६ हा या सगळ्याचा पाया. त्याच्या कलम १.६ प्रमाणे कागदावर गोपनीयतेची पातळी, वर्गीकरण करणाऱ्याची ओळख, कार्यालय, कारण आणि गोपनीयता कधी उठणार हे लिहावं लागतं. शिवाय कागदाचा कोणता भाग क्लासिफाइड आहे आणि कोणता नाही, हेही दाखवावं लागतं. हेच पोर्शन मार्किंग. इथे भाग म्हणजे फक्त परिच्छेद नव्हे. शीर्षक, विषयाची ओळ, तक्ता, आलेख, स्लाइडवरचा प्रत्येक बुलेट हे सगळं त्यात येतं. बारकावे संघीय नियमावलीच्या ३२व्या शीर्षकातल्या भाग २००१ मध्ये आहेत. देखरेख इन्फर्मेशन सिक्युरिटी ओव्हरसाइट ऑफिसची, म्हणजे 'आयसू'ची. हे कार्यालय राष्ट्रीय अभिलेखागाराच्या छत्राखाली चालतं.

पूर्ण मार्किंग आणि वेव्हर

खरी तुलना या दोघांतच आहे, म्हणून इथे जरा थांबू. वेव्हर म्हणजे पोर्शन मार्किंग न करण्याची आयसूच्या संचालकांनी दिलेली सूट.

पूर्ण मार्किंगला वेळ लागतो, हे खरंच आहे. मोठा अहवाल असेल, त्यात पाच ठिकाणचे संदर्भ असतील, तर प्रत्येक परिच्छेदाची पातळी ठरवताना मूळ कागद पुन्हा उघडावे लागतात. पण हा वेळ वाया जात नाही. परिच्छेदाला 'एस' लावण्याआधी लिहिणाऱ्याला स्वतःला विचारावं लागतं की यातलं नेमकं काय गुप्त आहे: आकडा, ठिकाण की माहिती कुठून आली ते? हा प्रश्न विचारला गेला की कित्येक परिच्छेद 'यू' निघतात, आणि काही वेळा एकच वाक्य हलवलं की अख्खा परिच्छेद मोकळा होतो. मार्किंग काढून टाकलं की हा प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही.

वेव्हरमध्ये नेमकं हेच होतं. कागदावर एकूण पातळी राहते, पानाच्या वर-खाली ती पातळी सांगणारी ओळ, म्हणजे बॅनर, राहतो, पण आतलं काय कुठल्या पातळीचं ते कळत नाही. म्हणून नियमाने एक अट जोडली आहे, आणि अर्ज करणाऱ्यांचं लक्ष तिच्याकडे सर्वांत उशिरा जातं: वेव्हरखाली विनापोर्शन-मार्किंग तयार झालेल्या कागदावर स्पष्ट लिहावं लागतं की हा कागद डेरिव्हेटिव्ह क्लासिफिकेशनसाठी, म्हणजे आधीच्या कागदावरून नव्या कागदाची पातळी ठरवण्यासाठी, स्रोत म्हणून वापरता येणार नाही. सरकारी गोपनीय लेखनाचा बहुतेक भाग आधीच्या कागदांवर उभा राहतो. तुमच्या अहवालातला एखादा परिच्छेद दुसऱ्या विश्लेषकाला आपल्या अहवालात घ्यायचा असेल, तर त्याला तो तसाच उचलता येणार नाही. त्याला क्लासिफिकेशन गाइड, म्हणजे कोणती माहिती कोणत्या पातळीची हे सांगणारी पुस्तिका, धुंडाळावी लागेल किंवा तुम्हालाच फोन करावा लागेल. अहवाल लोकांनी वापरावा म्हणून लिहिला असेल, तर ही अट त्याच्या मुळावरच येते.

दुसरी अट कागद बाहेर पाठवण्याची. वेव्हरखालचा कागद तुमच्या संस्थेबाहेर जाणार असेल, तर मंजुरीत वेगळं नमूद नसल्यास पाठवण्याआधी त्याचं पोर्शन मार्किंग करावंच लागतं. म्हणजे टाळलेलं काम परत येतं, आणि तेही मूळ लेखक दुसऱ्या कामावर गेल्यानंतर, घाईच्या वेळी. सहा महिन्यांपूर्वी कोणी दुसऱ्याने लिहिलेल्या परिच्छेदाची पातळी ठरवणं हे लिहिताना ती ठरवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

तिसरी गोष्ट मुदत. मंजूर झालेलं वेव्हर तात्पुरतंच असतं आणि त्यावर संपण्याची तारीख असते. यामागे इतिहास आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या १९७८ च्या आदेशात पोर्शन मार्किंगमधून सूट देण्याचा अधिकार आयसूच्या संचालकांकडे होता. रेगन यांच्या १९८२ च्या आदेशाने तो संस्थाप्रमुखांनाच दिला. आयसूला फक्त कळवायचं होतं. बिल क्लिंटन यांनी १९९५ मध्ये तो पुन्हा संचालकांकडे नेला, आणि २००९ च्या आदेशात 'तात्पुरती' हा शब्द आला. सूट मागणाऱ्यानेच सूट द्यायची, ही व्यवस्था करून पाहिलेली आहे आणि ती मागे घेतली गेली आहे. मला हे योग्यच वाटतं. ज्याला मार्किंगचा त्रास होतो, त्याच्या हातात सूट देण्याचा निर्णय असू नये.

अर्ज कोण करू शकतो? संस्थाप्रमुख किंवा त्यांनी नेमलेला वरिष्ठ अधिकारी, आणि तोही माहितीच्या एका ठरावीक प्रकारापुरता. कंत्राटदार कंपनीला स्वतः अर्ज करता येत नाही. तिला ज्या सरकारी कार्यालयाचं काम आहे, त्याच्या सूचना पाळाव्या लागतात. गुप्तचर समुदायातल्या संस्थेला डायरेक्टर ऑफ नॅशनल इंटेलिजन्सच्या पाठिंब्याचं निवेदन जोडावं लागतं, संरक्षण खात्यातल्या संस्थेला संरक्षणमंत्र्यांच्या. पोर्शन मार्किंगच्या फायद्यापेक्षा इतर कारणं कशी जड आहेत हे अर्जात दाखवावं लागतं, आणि माहितीच्या देवाणघेवाणीत अडथळा येणार नाही हेही. 'कामाचा बोजा वाढतो' एवढं एकच कारण सहसा पुरेसं मानलं जात नाही. बहुतेकांचं खरं कारण तेच असतं, त्यामुळे बहुतेकांसाठी ही चर्चा इथेच संपते.

वर्किंग पेपर्स

पुष्कळ गटांना हवी असलेली मोकळीक नियमांत आधीच दिलेली आहे, आणि तिच्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. मसुदे, टिपणं, बैठकीतल्या नोंदी हे वर्किंग पेपर म्हणून ठेवता येतात. त्यावर तयार केल्याची तारीख, आतल्या मजकुराची सर्वांत वरची पातळी आणि त्या पातळीचं संरक्षण एवढं मूळ नियमाला पुरतं. गरज संपली की नष्ट करायचं. काही खात्यांचे स्वतःचे नियम याहून जास्त मागतात, तेवढे पाहून घ्या.

ही सूट तीन ठिकाणी संपते: कागद तयार करणाऱ्या गटाबाहेर गेला, कायमच्या दफ्तरी लागला, किंवा तयार झाल्यापासून १८० दिवसांहून जास्त ठेवला. यातलं काहीही झालं की त्याला अंतिम कागदाचं पूर्ण मार्किंग लागतं. वेव्हरशी तुलना केली तर फरक स्पष्ट आहे. वेव्हर तयार कागदालाही पोर्शन मार्किंगशिवाय ठेवतं. वर्किंग पेपरची सवलत कागद घडत असताना असते आणि तो तयार झाला की उठते. मसुद्यात वाक्यं रोज इकडची तिकडे होतात, तेव्हा प्रत्येक फेरीत चिन्हं बदलत बसण्यात अर्थ नसतो. तुमची तक्रार मसुद्यांबद्दल असेल, तर वेव्हरचा विचार सोडून द्या.

१८० दिवसांची तारीख मात्र कोणीतरी पाहिली पाहिजे. सामायिक फोल्डरमध्ये पडून राहिलेला मसुदा हा या सवलतीचा सर्वांत सामान्य गैरवापर आहे, आणि तो मुद्दाम कोणी करत नाही.

क्लासिफाइड जोडपत्र

मला सर्वांत आवडणारी वाट ही. अहवालात गोपनीय मजकूर थोडाच असेल, तर शक्य तिथे तो वेगळ्या जोडपत्रात, म्हणजे ॲडेन्डममध्ये, ठेवावा असं आदेश १३५२६ स्वतःच सांगतो. मुख्य अहवाल पूर्ण अनक्लासिफाइड राहतो आणि गोपनीय तेवढं दोन पानांत येतं. मार्किंग टळत नाही, पण उरतं ते त्या दोन पानांपुरतं. मुख्य अहवाल अशा सहकाऱ्यांना, राज्य सरकारांना, स्थानिक पोलिसांनाही देता येतो ज्यांच्याकडे क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती पाहण्याची परवानगी, नाही. वेव्हरने कागद आत अडकतो, जोडपत्राने तो बाहेर पडतो.

हे प्रत्येक विषयात जमत नाही. गोपनीय माहिती जिथे प्रत्येक वाक्यात विणलेली असते तिथे ती वेगळी काढली की मागे काही उरतच नाही. आणखी एक प्रकार सांभाळावा लागतो: सुटी सुटी माहिती गोपनीय नसते, पण एकत्र आली की होते. अशा संकलनाचा उल्लेख आदेशात आहे, आणि तिथे एकत्र आल्यामुळे काय उघड होतं हे कागदावर लिहून ठेवावं लागतं. 'सगळंच मिळून गुप्त आहे, मग वेगवेगळं काय लावायचं' म्हणून वेव्हर मागणारे लोक असतात. त्यांना खरं तर या स्पष्टीकरणाची गरज असते.

मार्किंग शक्यच नसेल तेव्हा

डेटाबेस, नकाशाचे थर, सतत बदलणारी वेब पानं, सेन्सरमधून आपोआप वाहत येणारा डेटा. इथे परिच्छेद नावाची गोष्टच नसते, आणि इथल्या लोकांची तक्रार मला रास्त वाटते. इलेक्ट्रॉनिक वातावरणात ठरलेल्या पद्धतीने मार्किंग करणं शक्य नाही असं संस्थेने ठरवलं, तर इशारा लावायचा: ही माहिती डेरिव्हेटिव्ह क्लासिफिकेशनचा स्रोत म्हणून वापरू नये, आणि मार्गदर्शनासाठी कोणाशी संपर्क साधावा. वस्तूवर, उपकरणावर चिन्ह लावता येत नसेल तर घेणाऱ्याला संरक्षणाच्या लेखी सूचना द्याव्या लागतात.

म्हणजे स्रोत म्हणून वापरण्याची बंदी इथेही आहेच, वेव्हरसारखीच. फरक असा की इथे कारण माध्यमाचं आहे, आळसाचं किंवा घाईचं नाही. आणि बहुतेक वेळा त्या डेटावरून माणसाने लिहिलेला अहवाल पुढे जातो, त्याला पूर्ण मार्किंग लागतंच.

आणखी दोन सवलती आहेत, त्यांची वाट वेगळी. वर्गीकरण करणाऱ्याचं नाव किंवा तसा एखादा तपशील लिहिल्यानेच आणखी गोपनीय माहिती उघड होत असेल, तर तो तपशील वगळता येतो. आणि परकीय सरकारकडून आलेल्या कागदाची मूळ चिन्हं पुरेशी आहेत असं जबाबदार संस्थेने ठरवलं, तर त्यावर अमेरिकी चिन्ह पुन्हा लावावं लागत नाही. पोर्शन मार्किंगच्या त्रासावर हा इलाज नाही.

'२५एक्स' ने सुरू होणारे संकेतही लोक या यादीत ओढतात. ते २५ वर्षांनी आपोआप गोपनीयता उठण्यातून मिळालेली सूट दाखवतात. ते मार्किंग टाळत नाहीत, उलट ती सूट मार्किंगमध्ये नोंदवतात.

अर्धवट मार्किंग

एक पर्याय कोणी मुद्दाम निवडत नाही, पण व्यवहारात तोच सर्वांत जास्त दिसतो: काही चिन्हं लावायची, काही राहून जातात. २०१६ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलच्या चौकशीत असे तीन ईमेल पुढे आले. मजकुरात परिच्छेदाआधी कंसात 'सी' होता, पण वर बॅनर नव्हता. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी त्या जुलैत काँग्रेसच्या समितीसमोर मान्य केलं की त्या ईमेलवर नियमाप्रमाणे पूर्ण मार्किंग नव्हतं. तो 'सी' परिच्छेदांच्या अक्षरक्रमातला असावा, असा अंदाज क्लिंटन यांनी एफबीआयशी बोलताना केला होता. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची हा माझा विषय नाही. पण अर्धवट मार्किंगचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो, हे त्यातून दिसलं. आणि चिन्ह राहून गेलं म्हणून माहिती मोकळी होत नाही; इतर आवश्यक चिन्हं नसली तरी ठरवलेली पातळी कायम राहते, असं आदेश स्पष्ट सांगतो. म्हणून वेव्हर मिळेपर्यंत 'तूर्त ठेवू तसंच' हा मार्ग धरू नका.

याचा भार शेवटी पडतो तो वर्षांनंतर कागद तपासणाऱ्यावर. माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज आला की वेगळा काढता येणारा मोकळा भाग द्यावाच लागतो. पोर्शन मार्किंग असेल तर तपासनीसाला निदान सुरुवात कुठून करायची ते कळतं. नसेल तर प्रत्येक ओळ नव्याने तोलावी लागते, आणि शंका आली की पूर्ण पान काळं होतं. नागरिकाला मिळू शकला असता तो परिच्छेदही त्यात जातो.

इतकं पाहूनही तुमच्या कामाला वेव्हर लागतंच असं दिसत असेल, तर प्रकार अगदी अरुंद ठेवा: एकाच प्रणालीचं एकाच प्रकारचं उत्पादन, एकाच पातळीचं, संस्थेबाहेर न जाणारं. कागद कोण वाचतो आणि त्यातून पुढे कोण काय लिहितो, हे अर्जात लिहा. बाहेर मागणी आली तर मार्किंग कोण आणि किती वेळात करेल, त्याचं पदनाम द्या. मुदत संपण्याच्या तारखेआधी नेहमीच्या मार्किंगवर परत कसं जाणार, याचंही वेळापत्रक जोडा. हे शेवटचं लिहिता येत नसेल, तर अर्ज पाठवू नका.