गेट पडलंय तोवर ऐका: गॉथिक रॉकचे अलीकडचे अल्बम

१ नोव्हेंबरला बेळगावात काळे कपडे घालून फिरणाऱ्याला कुणी का म्हणून विचारत नाही. सीमाभाग कर्नाटकात घातला त्याच्या निषेधाचा मराठी लोकांचा काळा दिन असतो, सायकल फेरी असते, दुसऱ्या बाजूनं राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे फिरत असतात, त्यामुळं त्या दिवशी काळा शर्ट म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाबी कळतं. मी मात्र वर्षभर काळा टीशर्ट घालतो म्हणून आई कावत्या ते सोडा. तर २०२४ ला नेमका १ नोव्हेंबरलाच द क्युअर या इंग्लंडातल्या गॉथिक रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला, सोळा वर्षांनी नवा अल्बम, आणि त्यात दिवाळी, बाहेर गल्लीत सुतळी बॉम्ब फुटायलेत, घरात फराळाला पाहुणे, आणि मी आतल्या खोलीत हेडफोन लावून पडलोय. मावशीनं आईला हळूच विचारलं म्हणे, पोराला बरं नाही काय गं.

तेव्हापासनं या प्रकारातलं नवीन काय येतंय ते जरा नेमानं ऐकायलोय. त्यातलं काय ऐकावं, काय सोडून दिलं तरी चालेल ते लिहून टाकतो. मी काय समीक्षक नव्हं, उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर सेटर आहे, कान तेवढे शाबूत आहेत अजून.

आधी एक सांगतो, गॉथिक रॉक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काजळ, कवट्या आणि घसा फाडून ओरडणं येतं. ओरडणं मेटलवाल्यांचं खातं. हे इंग्लंडातलं, पंक ओसरायच्या टायमाला सुरू झालेलं, बाऊहाऊस बँडचं 'बेला लुगोसीज डेड' १९७९ ला आलं नऊ मिनिटांच्या वर लांबीचं, तिथनं बहुतेक लोक धरतात. आणि याची खरी खूण काजळ नाही, बास गिटार आहे. बाकीच्या रॉकमध्ये बास बिचारा खाली मुकाट्यानं ओझं वाहतो, इथं तो वर येऊन चालच म्हणतो, आणि गिटार मागं ओली ओली वाजत असते, हौदात वाजवल्यागत. गाणारा खालच्या पट्टीत, कसली घाई नाही. पुढं मी कुणाला नावं ठेवली तर निम्मी त्या बासपायी ठेवलीत एवढं लक्षात असू द्या.

यावरनं इअरबड्सचं सांगायला पाहिजे. गेल्या पावसाळ्यात एका दुकानात घेतले, पोरगा म्हणाला घ्या की साहेब, बास एकदम डॉल्बीगत. घरी येऊन क्युअर लावलं तर त्यांचा बासवाला सायमन गॅलप विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टरवर चढून वाजवायलाय असं वाटलं, चाल कुठं गेली पत्ताच नाही, नुसतं धुम्म धुम्म. परत द्यायला गेलो तर खोकं फोडलंय म्हणून घेत नाही. खोकं न फोडता आवाज कसा ऐकायचा बाबा? शेवटी त्यांच्या ॲपमध्ये शिरून बास बूस्ट बंद केला, इक्वलायझर सपाट करून टाकला आणि सगळं जागेवर आलं. तुम्हीबी आधी तेवढं करा मग अल्बम लावा, नाहीतर मला शिव्या घालाल.

आता क्युअर. आठ गाणी, पन्नासएक मिनिटं, आणि पहिलंच 'अलोन'. हे गाणं मला पहिल्या दिवशी कळलंच नव्हतं, कळलं ते रेल्वे गेटवर. दुसरी शिफ्ट सुटून घरी निघालेलो, जुलैची रात्र, पाऊस असा की रेनकोटाच्या आत कॉलरीतनं पाणी, आणि टिळकवाडीत गेट पडलं. मालगाडी. गाडी बंद केली, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, इअरबड कोंबले आणि 'अलोन' लावलं. ड्रम सावकाश, सिंथ (म्हणजे सिंथेसायझर) पसरत चाललाय, गिटार येते जाते, आणि गाणारा येतच नाही. एक मिनिट झालं, दोन झाली, समोरनं वाघिणी चालल्यात एकामागं एक, काळ्या, भिजलेल्या, शेजारचा टमटमवाला उगीच हॉर्न मारायलाय जणू त्यानं गाडी लवकर जाणार आहे. तीन मिनिटं उलटून गेली तरी रॉबर्ट स्मिथ गप्पच. मग गार्डाचा डबा गेला, गेट वर जायला लागलं, सगळे एकदम घुसले आणि नेमका तेव्हा तो गायला लागला. मला पुढं जाताच येईना. गाडी कडेला ढकलत नेली आणि एका बंद पानपट्टीच्या पत्र्याखाली उभा राहून गाणं संपवलं. ज्यांना तीस सेकंदात गाणं आवडलं पाहिजे त्यांनी या अल्बमच्या वाटेला जाऊच नये. ही वाट बघायला लावण्यातच त्याची सगळी करामत आहे, मधे काय घडत नाही असं वाटतं आणि खरं तर थर चढत असतात.

अर्नेस्ट डाउसन म्हणून एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी कवी, त्याच्या कवितेवरनं 'अलोन' सुचलं. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' मात्र घरातलंच आहे, स्मिथचा थोरला भाऊ गेला त्यावरचं. पियानोचे चारदोन सूर, पुन्हा पुन्हा तेच. ते एकदा घरी स्पीकरवर लावलं तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "कोण वारलं रे?" इंग्रजीचा एक शब्द येत नाही तिला. म्हणजे बघा गाणं कुठं पोचतंय.

सगळंच गोड नाही. 'वॉरसाँग'मध्ये आवाजाची इतकी खिचडी झाल्या की बास शोधायला टॉर्च लागेल, 'ऑल आय एव्हर ॲम' नसतं तरी चाललं असतं, आणि एकूणच मिक्सिंग दाटीवाटीचं आहे. पण शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांच्या वर आहे आणि ते अर्ध्यात सोडणारा माणूस मला अजून भेटायचाय. इंग्लंडात अल्बम पहिल्या नंबरवर गेला, १९९२ च्या 'विश'नंतर पहिल्यांदा. पासष्टीच्या माणसानं हे केलंय.

पण मला कुणी विचारलं की सुरुवात कुठनं करू, तर मी क्युअर सांगत नाही, ट्विन ट्राइब्ज सांगतो. टेक्सासातल्या ब्राउन्सव्हिल गावचे दोघंच जण. ब्राउन्सव्हिल म्हणजे अगदी सीमेवरचं गाव, मधे नदी आणि पलीकडं मेक्सिकोचं मातामोरोस. हे वाचलं आणि मी म्हटलं, हे आपल्यातलेच निघाले की. न्यूयॉर्क नाही, लंडन नाही, नकाशाच्या कडेला असलेलं, दोन भाषांत भांडणारं आणि दोन भाषांत जेवणारं गाव. २०२४ च्या सुरुवातीला त्यांचा 'पेंडुलम' आला, त्याआधी 'शॅडोज' आणि 'सेरेमनी'. बास, गिटार, सिंथ आणि ड्रम मशीन, बस्स. 'मोनोलिथ' लावा, पहिल्या काही सेकंदात बास असा चालायला लागतो की पाय थांबत नाही. उदास गाणं आणि पाय हलतोय, हे जमायला अवघड असतं, नुसतं उदास कुणीबी करतंय. आणि ड्रम मशीनला नाकं मुरडू नका, या प्रकारात ती परंपराच आहे, सिस्टर्स ऑफ मर्सीनं तर आपल्या मशीनला 'डॉक्टर ॲव्हेलांच' असं नाव ठेवलं होतं आणि बँडमधला माणूस म्हणूनच धरलं होतं. (त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम १९९० चा, म्हणजे नवीन काय येईल म्हणून थांबला असाल तर जेवून घ्या.) दिवसभर मशीनचा ठोका ऐकून आलेल्या माणसाला रात्री परत मशीनचाच ठोका कसा काय बरा वाटतो ते मला सांगता येणार नाही, पण वाटतोय.

'पेंडुलम'ची एकच खोड, गाणी एकमेकांची चुलतभावंडं आहेत. सलग ऐकलात तर पाचव्या-सहाव्याला हेच मघाशी झालं की काय असं होतं. दोन दोन करून ऐका.

आता मोल्चात दोमा. बेलारूसमधल्या मिन्स्कचे तिघं, रशियनमध्ये गातात, नावाचा अर्थ घरं गप्प आहेत असा काहीतरी. 'सुद्नो' हे त्यांचं गाणं २०२० ला टिकटॉकवर जगभर फिरलं, बऱ्याच जणांना तेवढंच माहीत असतंय. पुढं ते अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले आणि सप्टेंबर २०२४ ला 'बेलाया पोलोसा' आला. माझ्या मशीनशेजारी एक कन्नड दोस्त असतो, बैलहोंगलकडचा, जेवणाच्या सुट्टीत त्याला एक इअरबड दिला. दोन गाणी ऐकली आणि म्हणतो, "अर्थ गोत्तिल्ला, आदरू चलो ऐती." अर्थ कळत नाही पण चांगलं आहे. आम्हाला त्याचं काय विशेष नाही म्हणा, बसचा बोर्ड, लाइट बिल, तहसीलदाराची नोटीस, निम्मं आयुष्य न कळणाऱ्या कन्नड अक्षरांकडं बघत अंदाज लावण्यात गेलंय, मग रशियन गाण्याला काय घाबरायचं.

दोस्ताला नवा अल्बम आवडला, मला जुना 'एताझी' जास्त. फरक सांगायचा तर 'एताझी' म्हणजे साच्यातनं आत्ता काढलेलं कास्टिंग, फेटलिंग म्हणजे घासकाम व्हायचंय, वाळू तशीच चिकटलेली, हात लावला तर खरबरीत. 'बेलाया पोलोसा' म्हणजे बफिंग करून आलेला जॉब. सिंथ चकाचक, आवाज मोकळा, नाचायला बरा, माप एकदम बरोबर. पण ती वाळूच मला आवडत होती. दोस्त म्हणतो तू खुळा आहेस, गिऱ्हाईक वाळूचे पैसे देत नाही. बरोबर आहे त्याचं.

चेल्सी वुल्फचा अल्बम फेब्रुवारी २०२४ चा, नाव इतकं लांब की दुकानात मागायची सोय नाही, 'शी रीचेस आउट टू शी रीचेस आउट टू शी'. हा चोख गॉथिक रॉक नव्हं, त्यात ट्रिप-हॉपचा संथ इलेक्ट्रॉनिक ठेका आहे, इलेक्ट्रॉनिक खरखर आहे, पण अंधार अस्सल आहे. आवाज कानाशी येऊन बोलल्यागत आणि अचानक खालनं जमीन हादरते. हेडफोनशिवाय ऐकू नका, आणि लाइट गेली असंल तर उत्तमच.

स्वीडनच्या ट्रिब्युलेशनचा 'सब रोझा इन इटर्नम'बी १ नोव्हेंबर २०२४ लाच आलेला. ही मूळची डेथ मेटलवाली मंडळी, हळूहळू गुरगुरणं कमी करत यावेळी चक्क खालच्या पट्टीत सरळ गायलीत. मेटलवाले दोस्त नाराज आहेत, मी खूश. पोर्टलंडच्या अन्टू अदर्सचा 'नेव्हर, नेव्हरलँड' सप्टेंबर २०२४ चा, हेवी मेटलची गिटार आणि गॉथिक गळा, यांचं आधीचं नाव आयडल हँड्स होतं. 'बटरफ्लाय' ऐका. गाणी मात्र जरा जास्तच भरलीत, निम्मी ठेवली असती तर नाद खुळा अल्बम झाला असता.

बाऊहाऊसचा पीटर मर्फी मे २०२५ ला 'सिल्व्हर शेड' घेऊन आला, २०१४ नंतर पहिलाच सोलो. 'स्वून'मध्ये नाइन इंच नेल्स बँडचा ट्रेंट रेझ्नर सोबतीला आहे. आवाज अजून तोच, खानदानी, पण गाणी त्या आवाजाच्या मानानं लहान पडतात. जुन्या किल्ल्यात प्लायवूडचं पार्टिशन घातल्यागत. एकदा ऐकून झालं, परत हात गेला नाही.

आणि क्रीपर! साउथॅम्प्टनची पोरं, ३१ ऑक्टोबर २०२५ ला 'सँग्विव्होर २: मिस्ट्रेस ऑफ डेथ' काढला. व्हॅम्पायर, रक्त, कोरस, गडगडाट, सगळं कसं दशावतारातल्या राक्षसाच्या एन्ट्रीगत, पेट्रोमॅक्स, धूर आणि आरोळी. उदास व्हायला नाही, मजा करायला. चोर्ला घाटात गाडीत चौघं असाल, धुकं असंल, तर हाच लावा, क्युअर लावलात तर कणकुंबीच्या आत एकजण तरी झोपतोय.

घ्यायचं कुठनं म्हणाल तर फुकटात जाहिराती ऐकत स्ट्रीमिंगवर सगळं मिळतंय, पण 'अलोन' संपल्या संपल्या मधेच कर्जाची जाहिरात आली की डोकं फिरतं. लहान बँडचं मी बँडकॅम्प नावाच्या गाणी विकणाऱ्या साइटवर घेतो, आधी ऐकायला मिळतं आणि पैशातला बराच हिस्सा त्यांना पोचतो. व्हिनाइल इकडं मागवायचं तर पगाराकडं बघून विचार सोडून द्यायचा. क्युअरची सीडी तेवढी हौसेनं मागवली, कुरिअरवाल्यानं दारात टाकली आणि आतलं कव्हर तडकलेलं निघालं, पण सीडी शाबूत आहे. म्हणजे होती. बैलहोंगलच्या दोस्तानं दोन महिन्यांपूर्वी गाडीत ऐकतो म्हणून नेल्या, आणि रोज उद्या आणतो उद्या आणतो म्हणायलाय.