नोकरीच्या जाहिरातीला ग्रुपवर पैसे लावावेत की फुकटच ठेवाव्यात?

इचलकरंजीतला एक मित्र यंत्रमागवाल्यांचा आणि कामगारांचा मिळून व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो. जॉबर (माग दुरुस्त करणारा) पाहिजे, वहिफणीवाला (ताण्याचे धागे ओवणारा) पाहिजे, कांडीला (बाण्याचं सूत गुंडाळायला) बाई पाहिजे, सायझिंगला (सुताला खळ लावायला) हेल्पर पाहिजे, सगळं तिथेच येतं. पहिला ग्रुप १०२४ ला भरला म्हणून दुसरा काढला, आता तोही भरत आलाय. परवा फोन करून म्हणाला, "दादा, रोज पंधरा-वीस जाहिराती येतात, तपासता तपासता दुकानाकडे लक्ष राहत नाही, जाहिरातीमागे शंभर रुपये लावू का?" मी स्वतः कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगाव या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या आयटीआय आणि डिप्लोमावाल्या पोरांसाठी असाच ग्रुप सहा वर्षं सांभाळतोय, मधे आठ महिने पैसे घेऊनही बघितले, त्यामुळे त्याला जे तासभर सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न बऱ्याच ॲडमिन लोकांना पडलेला दिसतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. काम शोधणाऱ्याकडून पैसे घ्यायचे का, यावर तुलना वगैरे काही नाही, घ्यायचे नाहीत. ग्रुपमध्ये यायला नाही, बायोडाटा टाकायला नाही, मालकाचा नंबर द्यायला तर अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ नंबरच्या करारातही हेच आहे, की थोडे अपवाद सोडले तर खाजगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये. नोकरी नसलेल्या पोराकडे बसच्या तिकिटाला पैसे नसतात हो, त्याच्याकडून काय घ्यायचं. तर प्रश्न फक्त माणूस पाहिजे असणाऱ्याकडून घ्यायचे की नाही एवढाच.

फुकट असलं की छोटा माणूस येतो, हा सगळ्यात मोठा फायदा, आणि पैसे लावून बघेपर्यंत मला तो नीट कळलाच नव्हता. गॅरेजवाल्याला एक हेल्पर पाहिजे असतो. मेस चालवणाऱ्या ताईंना चपात्या लाटायला दोन बायका पाहिजे असतात. चार मशीनच्या वर्कशॉपचा मालक स्वतःच लेथवर उभा असतो, त्याला ऑर्डर आली म्हणून पंधरा दिवसांसाठी एक टर्नर पाहिजे असतो. हे लोक कुठल्या वेबसाइटवर अकाउंट काढत नाहीत, पेपरात छोटी जाहिरात द्यायची तर शब्द मोजून पैसे, म्हणून तिथेही जात नाहीत. सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे नोकऱ्यांचं पोर्टल २०१५ पासून आहे, आपल्या राज्याचं महास्वयं आहे, दोन्हीकडे एक पैसा लागत नाही, पण अशा मालकाला फॉर्म भरत बसण्यापेक्षा मोबाईलवर दोन ओळी टाइप करणं सोपं वाटतं. आणि खरी गोष्ट सांगू का, आमच्या भागात पोरांना पहिली नोकरी बऱ्याचदा अशा चार मशीनच्या वर्कशॉपमध्येच लागते, तिथे हात बसला की मग ती मोठ्या कंपनीत जातात.

मी जाहिरातीला ५० रुपये लावले तेव्हा हेच लोक आधी गेले. पन्नास रुपये त्यांना जड नव्हते, पण "पैसे पाठवा, स्क्रीनशॉट टाका, मग पोस्ट करतो" एवढा व्यवहार म्हटल्यावर ते शेजारच्या फुकट ग्रुपवर गेले. दोन महिन्यांत माझ्या ग्रुपवर राहिले कोण, तर लेबर कॉन्ट्रॅक्टर आणि कन्सल्टन्सीवाले, म्हणजे ज्यांच्यासाठी फी लावली होती तेच राहिले आणि ज्यांच्यासाठी ग्रुप काढला होता ते गेले.

अर्थात फुकटचा त्रासही काही कमी नाही. एकच जाहिरात सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. जागा भरून पंधरा दिवस झाले तरी तोच मेसेज फिरतोय, पोरं फोन करतायत, पलीकडून कुणी उचलत नाही. कन्सल्टन्सीवाले दुसऱ्या ग्रुपवरची जाहिरात उचलून कंपनीचं नाव काढून स्वतःचा नंबर घालतात. "नामांकित कंपनीत भरती, आकर्षक पगार, त्वरित संपर्क", यात कंपनी कुठली, गाव कुठलं, पगार किती, काही नाही. पैसे लावल्यावर हा कचरा खरंच कमी झाला, दिवसाला वीसच्या जागी सहा-सात जाहिराती यायला लागल्या, आणि पैसे भरलेत म्हटल्यावर लोक जरा नीट लिहायलाही लागले. त्या बाबतीत फी जिंकली, मान्य करतो.

पण फीने फसवणूक थांबते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. साधा हिशोब आहे, जो माणूस दहा पोरांकडून "युनिफॉर्मचे", "मेडिकलचे", "गेटपासचे" म्हणून दोन-दोन हजार घेणार आहे, त्याला वीस हजार मिळवायला शंभर रुपये भरणं काहीच नाही, तो तर सगळ्यात आधी भरेल. उलट पैसे भरलेली जाहिरात म्हणजे ॲडमिनने बघूनच टाकली असणार असं पोरं धरून चालतात, म्हणजे त्या शंभर रुपयांत त्याने तुमची पतही विकत घेतली. फीमुळे थांबतो तो आळशी आणि वारंवार टाकणारा, लबाड थांबत नाही. लबाडाला थांबवायचं तर फोन करायला लागतो, कंपनीचा पत्ता विचारायला लागतो, त्या एरियातल्या एखाद्या मेंबरला "जरा बघून ये रे, असा शेड आहे का" म्हणायला लागतं. एका जाहिरातीला पंधरा-वीस मिनिटं धरा, महिन्याला चाळीस जाहिराती म्हटल्या तर दहा ते तेरा तास झाले. म्हणून मी म्हणतो, पैसे घेणार असाल तर ते या तासांचे घ्या, तपासणी करणार असाल तरच घ्या, आणि नुसती पोस्ट पुढे ढकलणार असाल तर फुकटच ठेवा, निदान पोरं स्वतः सावध तरी राहतील.

आता ज्या गोष्टीमुळे मी फी बंद केली ती. एका वर्कशॉपने तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले होते, त्यांची जाहिरात पडली, सीएनसी ऑपरेटर पाहिजे. खाली एका पोराने लिहिलं, "इथे मी होतो, दोन महिन्यांचा पगार अजून मिळाला नाही." दहा मिनिटांत मालकाचा मला फोन, पैसे भरलेत, ती कमेंट काढा. मी त्या पोराला फोन केला, त्याने हजेरीचे फोटो पाठवले, मालकाशी झालेले मेसेज पाठवले, खरं बोलत होता. तरी मी दोन तास नुसता बसून राहिलो, कारण पैसे घेतलेले होते. फुकट असतं तर दोन मिनिटंसुद्धा विचार केला नसता. शेवटी कमेंट ठेवली, पैसे परत केले, मालक ग्रुप सोडून गेला. पण ते दोन तास मला अजून बोचतात, मी त्या पोराच्या बाजूचा माणूस, मला विचार करायला का लागावा? तुम्ही पैसे घेणार असाल तर पहिल्या दिवशीच लिहून ठेवा की जाहिरातीखाली जुन्या कामगाराने अनुभव लिहिला तर तो काढला जाणार नाही, मालकाने हवं तर खाली उत्तर द्यावं, आणि हे मान्य असेल तरच पैसे पाठवा.

बाहेर लोकांनी काय केलंय तेही बघण्यासारखं आहे. क्रेग न्यूमार्कने १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांना ईमेल पाठवता पाठवता क्रेग्जलिस्ट सुरू केलं, पुढे ती छोट्या जाहिरातींची वेबसाइट झाली. तिथे सगळं फुकट होतं आणि अजूनही बरंचसं फुकट आहे, पण नोकरीच्या जाहिरातीला त्यांनी सुरुवातीला ठराविक शहरांतच पैसे लावले. २००४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला २५ डॉलर सुरू केले, आणि मला आवडलं ते पुढचं, की त्याच दिवशी छोट्या सुटक्या कामांसाठी वेगळा विभाग काढून तो तेव्हा फुकट ठेवला. म्हणजे चार दिवसांसाठी माणूस पाहिजे असणाऱ्याला हात लावला नाही. मी हे आधी वाचलं असतं तर माझा तो टर्नर शोधणारा मालक गेला नसता.

मेटाफिल्टर या गप्पा-चर्चेच्या वेबसाइटने दारावरच पैसे घेतले, मेंबर व्हायला एकदाच ५ डॉलर, आत आल्यावर नोकरीची जाहिरात फुकट. आपल्याकडे हे चालणार नाही, दारावर पैसे म्हणजे पोरांकडून पैसे.

आणि हॅकर न्यूज या वेबसाइटवर सॉफ्टवेअरवाल्यांचा दर महिन्याला एक धागा (एकाच पोस्टखाली सगळ्यांनी लिहायची जागा) निघतो, कोण माणसं घेतंय म्हणून, तो पूर्ण फुकट आहे पण नियम कडक. कंपनीतल्याच माणसाने टाकायचं, रिक्रूटर चालणार नाही, ठिकाण लिहायचं, जागा खरोखर भरायची असेल आणि अर्ज करणाऱ्यांना उत्तर देणार असाल तरच टाकायचं. महिन्यातून एकदा असल्यामुळे तीच तीच जाहिरात रोज दिसत नाही. एक पैसा न घेता फीचं अर्धं काम त्यांनी नियमांवर करून घेतलंय, माझा कल बराचसा इकडेच आहे.

कारण माझ्या ग्रुपवर फी बंद केल्यावर एकच नियम आणला, पगाराचा आकडा नसेल तर जाहिरात पडणार नाही. "योग्यतेनुसार" नाही, "आकर्षक" नाही, हातात किती येणार ते लिहा, शिफ्ट किती तासांची ते लिहा, पीएफ-ईएसआय आहे का ते लिहा. यंत्रमागाला पगाराऐवजी ५२ पिकाला (पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बाण्याचे धागे किती ते) मीटरमागे मजुरी किती ते लिहायचं, इचलकरंजीत कुणालाही समजतं. या एका नियमाने पन्नास रुपयांच्या फीपेक्षा जास्त कचरा गेला. कन्सल्टन्सीवाल्यांना आकडा लिहायला नको असतो, कारण मधला त्यांचा वाटा दिसतो. वर्कशॉपवाल्याला काही लपवायचं नसतं, तो बिनधास्त लिहितो, १४ हजार, बारा तास, ओव्हरटाइम वेगळा. कमी असेल तर पोरं जात नाहीत, पण निदान बसभाडं घालवून तिथे जाऊन कळत नाही.

तरी पैसे घ्यावेत असं कुणाचं ठरलंच तर ते कुणाच्या खात्यात येतात हे सांभाळा, ग्रुप फुटतात ते इथे. शंभर रुपये आणि चाळीस जाहिराती म्हणजे महिन्याला चार हजार. वर्षाला २० लाखांच्या आतल्या सेवेला जीएसटी नोंदणीची भानगड साधारणपणे येत नाही, तेवढ्या उलाढालीची काळजी कुणी करू नये. पण ॲडमिनच्या स्वतःच्या यूपीआयवर पैसे यायला लागले की तीन महिन्यांत "ॲडमिन खातोय" सुरू होतं, तुम्ही कितीही सरळ असा. दोघांच्या सहीचं वेगळं खातं, महिन्याच्या एक तारखेला आलेले-गेलेले पैसे ग्रुपवर, आणि तपासायला जो पोरगा फिरतो त्याला पेट्रोल आणि मानधन त्यातून. ते जमणार नसेल तर नाद सोडा.

आखाताच्या जाहिराती तर फी असो नसो, सरळ वेगळ्या धरा. परदेशी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधता येतं, आणि नोंदणी असलेल्यालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी नंबर नाही तर जाहिरात नाही, त्याने पाच हजार रुपये फी देऊ केली तरी नाही. डेटा एंट्रीच्या नावाखाली कंबोडिया-म्यानमारला नेऊन आपल्याकडच्या पोरांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांगा, पहिल्या काही तासांत केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

आता मित्राला काय सांगितलं ते. मालक स्वतः जाहिरात टाकत असेल तर फुकट, मग तो चार मागांचा असो की शंभर मागांचा. कॉन्ट्रॅक्टर, कन्सल्टन्सी आणि एका वेळी दहाच्या वर माणसं मागणारी मोठी कंपनी यांना २०० रुपये, कारण त्यांचा धंदाच तो आहे किंवा त्यांच्याकडे भरतीसाठी बजेट असतं. मजुरीचा आकडा दोघांनाही सक्तीचा. एक जाहिरात सात दिवसांतून एकदाच, जागा भरली की मालकानेच "भरली" लिहायचं, नाही लिहिलं तर पुढच्या वेळी जाहिरात थांबवायची. त्याने विचारलं, आणि कॉन्ट्रॅक्टर मालकाच्या नावाने टाकायला लागले तर? टाकतीलच, पहिल्या आठवड्यातच टाकतील. त्यासाठी जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून कारखान्याचा पत्ता आणि माग किती ते विचारायचं, खरा मालक तिथल्या तिथे सांगतो, दुसरा "थोड्या वेळाने करतो" म्हणतो.

त्याने येत्या एक तारखेपासून सुरू करायचं ठरवलंय. दुकान सुटत नाही म्हणून फोन करायचं काम वहिफणीतून रिटायर झालेल्या एका काकांना देणार आहे, त्यांना गावातले निम्मे कारखाने आवाजावरून ओळखू येतात.