डेनिमचे आठ थर आणि माझी कातड्याची पट्टी

"ताई, जीन्सचे आठ थर आहेत, बघा कसं सरसर जातंय," शिवणयंत्रांचा विक्रेता म्हणाला, आणि खरंच सरसर गेलं. मग मी पिशवीतून माझी पट्टी काढली. सालीत कमावलेलं ताठ कातडं, साडेतीन मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवलेले, म्हणजे एकूण सात मिलिमीटर. "आता हे घाला." सुई खाली गेली. गेली, हे मान्य. वर येताना मात्र पट्टीच तिला धरून वर उचलली गेली, यंत्राचा दाबून धरणारा पाय हवेत, आणि खालून एक कोरडा 'टक' आवाज आला. वीतभर शिवून झाल्यावर पट्टी उलटी केली तर दर तिसरा-चौथा टाका गायब. विक्रेत्याने कातड्याला नावं ठेवली.

मी कातड्याच्या पिशव्या, पट्टे, पाकिटं शिवते, आणि ही पट्टी उगाच बाळगत नव्हते. त्याआधी अशाच आठ थरांना भुलून मी 'हेवी ड्युटी' असं ठसठशीत लिहिलेलं एक घरगुती यंत्र घेतलं होतं. अस्तर, कॅनव्हास, मऊ मेंढीचं कातडं यांना ते छान. पहिल्याच जाड पट्ट्याला तीन सुया मोडल्या, आणि चौथी मोडली नाही पण शटलचं, म्हणजे खाली फिरून दोरा पकडणाऱ्या हुकाचं, टोक घासून गेलं. तेव्हा वाटलं की मोटर कमी पडतेय. मग बरेच दिवस मी यंत्र पारखताना एकच प्रश्न विचारत राहिले: हे किती जाड भोसकतं? हा प्रश्नच चुकीचा आहे. चाक हाताने फिरवलं तर बऱ्यापैकी कोणतंही यंत्र जाड कातड्यात सुई घालू शकतं. खरी परीक्षा सुई वर यायला लागते तेव्हा सुरू होते.

कापडात सुई शिरते तेव्हा धागे बाजूला होतात, तिला वाट देतात. कातड्याला बाजूला व्हायला जागाच नसते, ते सुईला घट्ट आवळून धरतं. सुई तळाला जाऊन जराशी वर उचलली की दोऱ्याचा एक छोटा फुगा बाजूला सुटतो, आणि त्याच क्षणी हुकाचं टोक येऊन तो फुगा पकडतं. पण कातडंच सुईबरोबर वर गेलं तर फुगा सुटत नाही, हुक रिकामा फिरून जातो. टाका सुटला. म्हणजे दाबून धरणारा पाय दणकट हवा, आणि त्याच्या स्प्रिंगला पुरेसा जोर हवा. घरगुती यंत्रात पायाचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला तरी हा जोर येत नाही. आणि तेवढा पिळला की खालून कातडं सरकवणारे दाते त्याच्या तळावर करवतीसारखी नक्षी उठवतात, ती वेगळीच.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. जाड कातड्यावर बारीक दोरा दिसायला केविलवाणा, आणि ताणाला टिकतही नाही. माझ्या पिशव्यांना मी १३५ टेक्सचा बाँडेड, म्हणजे लेप देऊन तंतू घट्ट जुळवलेला, नायलॉन वापरते. टेक्स म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे आकडा मोठा तितका दोरा जाड. १३५ला सुई १४० नंबरची लागते, कातडं फार ताठ असेल तर १६०. सुईचा हा नंबर म्हणजे तिच्या दांड्याची जाडी, १४० म्हणजे १.४ मिलिमीटर. घरगुती यंत्राच्या सुया ११०-१२०ला संपतात, त्यात ७० टेक्सच्या पलीकडचा दोरा नीट सरकत नाही, पिंजतो. शिवाय वरखालच्या दोऱ्यांची गाठ कातड्याच्या पोटात ओढून घ्यायला ताण देणाऱ्या चकत्या आणि दोरा उचलणारा हात दोन्ही तगडे लागतात. तुमचा दोरा ठरला की निम्मं यंत्र ठरलंच म्हणून समजा. मी मात्र यंत्र आधी आणि दोरा नंतर, अशी उलटी वरात काढली होती.

मधल्या काळात एक जुनं पॅचरही वापरून पाहिलं. बूट दुरुस्तीवाल्यांकडे दिसतं ते, लांब बारीक हाताचं, चाकानं चालणारं. सिंगरच्या २९के या वर्गानं हा प्रकार जगभर पोचवला, त्यातला 'के' म्हणजे स्कॉटलंडमधला किलबोवीचा कारखाना. या यंत्राची गंमत अशी की कातडं दाते सरकवत नाहीत, पायच उचलून सरकवतो, आणि तो पाय चहूबाजूंनी फिरतो. बुटाच्या आत, पिशवीच्या कोपऱ्यात, जिथे दुसरं काही पोचत नाही तिथे हे शिवतं. त्यामुळे लोक म्हणतात, कातड्याचं यंत्र हवं ना, मग पॅचर घे. मी घेतलं आणि त्यावर पट्टे शिवायला बसले. पट्ट्यासाठी लागते सरळ, लांब, एकसारखी शिलाई, आणि पॅचरची तीच बाजू लंगडी. बॉबिन इवलीशी, जाड दोरा भरला तर एका पट्ट्यात दोनदा संपायची. पायाचे दाते वरच्या, म्हणजे दिसणाऱ्या बाजूवर उमटायचे. माझ्याकडचं तर इतकं झिजलेलं होतं की टाक्याची लांबी चार मिलिमीटरवर ठेवली तरी तीनच मिळायची. ते दुरुस्तीचं हत्यार आहे, आणि दुरुस्तीला त्याला तोड नाही. मी त्याला नको त्या कामाला जुंपलं.

आता जे माझ्याकडे आहे त्याबद्दल. जुकी डीएनयू-१५४१, सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या एका जागेतून निघालेलं, वापरलेलं. सपाट टेबलाचं, एका सुईचं, तिहेरी ओढीचं यंत्र. तिहेरी ओढ ही यातली खरी चीज आहे, म्हणून जरा थांबून सांगते. पायाचे दोन भाग असतात, आतला आणि बाहेरचा. सुई कातड्यात शिरते, आतला पाय तिच्याशेजारी टेकतो, आणि मग सुई, आतला पाय आणि खालचे दाते हे तिघं मिळून कातडं एक टाका मागे नेतात. सुई कातड्यात रुतलेली असतानाच सरकते! तोवर बाहेरचा पाय उचललेला असतो. मग तो टेकतो आणि कातडं घट्ट धरून ठेवतो, सुई वर निघते, आतला पाय पुढे येतो. चाक हाताने सावकाश फिरवून हे बघा एकदा, माणूस पावलं टाकतोय असंच वाटतं. वरचा थर मागे राहणं आणि खालचा पुढे जाणं हा प्रकार यात संपतो, कारण सुईने दोन्ही थर एकत्र टाचून धरलेले असतात. आणि सुई बाहेर निघताना शेजारी एक पाय कातड्यावर घट्ट रोवलेला असतो, त्यामुळे माझी ती सात मिलिमीटरची पट्टी पहिल्या दिवशी एकही टाका न सोडता गेली.

टाका ९ मिलिमीटरपर्यंत लांब करता येतो. इतका लांब कुणाला लागत नाही, पण जाड दोऱ्याला ४-५ मिलिमीटर हवाच. १४०च्या सुईने अडीच मिलिमीटरवर टाके घातले तर कातड्यात भोकांची अशी रांग पडते की ओढलं की पोस्टाच्या तिकिटांसारखं फाटतं. गुडघ्याने दाबायच्या लिव्हरने पाय १६ मिलिमीटर उचलला जातो, हाताच्या लिव्हरने ९. सुरुवातीला मला हे आकडे निरर्थक वाटायचे. पण चिकटवून, दुमडून, बकल घातलेला पट्टा पायाखाली सरकवायचा असतो तेव्हा दोन्ही हात त्यात गुंतलेले असतात, आणि गुडघा हाच तुमचा मदतनीस होतो. १५४१ला पुढे 'एस' लागलेलं असेल तर त्यात सेफ्टी क्लच असतो: दोरा हुकात अडकला की हुक यंत्रापासून सुटा होऊन थांबतो आणि सुईशी जुळवलेली त्याची वेळ बिघडत नाही. शटलचं टोक एकदा घासून घेतलेल्या बाईला याचं मोल सांगायला नको.

मोटरचं मात्र वेगळंच प्रकरण. यंत्राबरोबर जुनी क्लच मोटर आली होती. बटण दाबल्यापासून अखंड घरघरणारी, मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांची. पुलीचं गणित एकास एक धरलं तर सेकंदाला तेवीस टाके. पाच मिलिमीटरच्या टाक्याने अकरा-बारा सेंटिमीटर शिलाई एका सेकंदात! सोफ्याच्या लांबलचक शिवणीला ठीक. मी पाकिटाच्या कोपऱ्याशी पोचायच्या आत यंत्र कोपरा ओलांडून पुढे गेलेलं असायचं. पहिल्या आठवड्यात दोन तयार तुकडे वाया गेले, आणि मी यंत्रालाच दोष देत बसले होते. मेकॅनिक काका आले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "पोरी, यंत्र ठीक आहे, घोडा बदल." सर्व्हो मोटर लावली. ती पाय टेकवल्याशिवाय फिरत नाही, आवाज नाही, वेग हवा तेवढाच ठेवता येतो. पण एक मेख आहे. अगदी हळू चालवताना सर्व्हो जाड कातड्यात दमते, सुई टेकते आणि थांबते. म्हणून काकांनी मधे एक मोठी पुली बसवली, तीनास एक. वेग तिसऱ्या हिश्शावर आला, जोर जवळजवळ तिप्पट झाला. आता मी एक टाका, श्वास, दुसरा टाका, अशी शिवू शकते. कातड्याचं यंत्र घेणाऱ्या कुणीही वेगाचा आकडा बघून हुरळू नये. हे यंत्र मिनिटाला २५०० टाके घालू शकतं असं कागदावर आहे. मी शंभराच्या पुढे क्वचितच जाते.

याहून मोठ्याकडे का गेले नाही, असं विचारतात. जुकीच टीएससी-४४१ आणि त्याच्या धर्तीवर बनलेली कितीतरी यंत्रं आहेत. लांब गोल हाताची (सपाट टेबलाऐवजी नळीसारखा हात), २०-२२ मिलिमीटरपर्यंत शिवणारी, खोगीर आणि घोड्याच्या साजाच्या कामाची. एका ओळखीच्या कारागिराकडे मी दिवसभर बसून शिवून पाहिलं. २७० टेक्सचा दोरा, २०० नंबरची सुई, आणि यंत्र हूं की चूं करत नाही. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण त्याच यंत्रावर माझं दीड मिलिमीटरचं पाकीट घातलं तर सुईने भोकं नाही, बोगदे पाडले, आणि गाठ लपवायला कातड्यात पोटच नव्हतं. बारीक सुई-दोऱ्यावर त्याला आणता येतं, पण त्यात अर्धा दिवस जातो आणि तरी ते नाखुशीनेच शिवतं. तुम्ही खोगीर, जाड म्यानं, आठ मिलिमीटरहून जाड पट्टे करत असाल तर तेच घ्या, १५४१वर अत्याचार करू नका. माझं नव्वद टक्के काम तीन ते सहा मिलिमीटरमधलं आहे. आठपर्यंत मी नेलंय, त्यापुढे यंत्राने आवाज बदलला आणि मी थांबले.

सुयांबद्दल थोडक्यात. या यंत्राला १३५x१७ जातीची सुई लागते (हा आकडा सुईच्या बांध्याचा, जाडीचा किंवा टेक्सचा नव्हे), ती कापडाच्या टोकाची. त्याच लांबीची १३५x१६ घेतली की कातड्याचं, म्हणजे धार असलेलं टोक मिळतं. यंत्रात काहीच बदलावं लागत नाही. त्यातही 'एलआर' टोकाने टाके किंचित तिरपे पडतात, हाताच्या शिलाईसारखे. 'एस' टोकाने सरळ रेषेत. मला तिरपे आवडतात. नवऱ्याला फरकच दिसत नाही.

वापरलेलं यंत्र बघायला जाल तर स्वतःचं कातडं, स्वतःचा दोरा आणि त्याला जुळणाऱ्या सुया घेऊनच जा, आणि दोरा तुमच्यासमोर ओवायला लावा. विक्रेत्याने आधीपासून लावून ठेवलेल्या बारीक दोऱ्यावर सगळीच यंत्रं गुणी असतात. दहा टाके पुढे शिवा, मग उलटी शिलाई करून मागे या: सुई त्याच भोकांत पडायला हवी. शेजारी नवी भोकं पडत असतील तर मागचा-पुढचा टाका जुळलेला नाही. तो बहुतेक वेळा जुळवता येतो, पण ते भाव करताना बोला, घरी आणल्यावर नको. दोन थरांवरून चार थरांवर चढवून बघा, चढावर टाके आखूड होतात का. होणारच थोडे, पण निम्मे होत असतील तर आतल्या-बाहेरच्या पायाची उचल वाढवून पुन्हा बघायला सांगा. शेवटी दोरा काढून टाका आणि कातड्याच्या ओलसर तुकड्यावर नुसतंच चालवा. पायाचे आणि दात्यांचे वळ किती खोल उठतात ते तेव्हा कळतं. माझ्या यंत्राला सोफ्यासाठीचे खरबरीत दाते होते. गुळगुळीत दाते आणि गुळगुळीत पाय वेगळे मागवावे लागले. तळाची बाजू तरीही वरच्याइतकी देखणी येत नाही, म्हणून चांगली बाजू नेहमी वर ठेवून शिवायची.

सपाट टेबलाचा तोटा मला घेताना माहीत होता. पिशवीचं पोट आणि बाजू जोडायची वेळ आली की पिशवी टेबलावर बसायला नकार देते. गोल हाताचं यंत्र हे काम सहज करतं. मी त्याऐवजी पिशवीचा आराखडाच बदलला: शिवण बाहेर काढली, सपाट असताना जेवढं शिवता येईल तेवढं आधी शिवते आणि मग वळवते. फक्त तळाच्या दोन कोपऱ्यांशी, प्रत्येकी सहा टाके उरतात, तिथे पायाला जागाच नाही. ते मी आरीने भोकं पाडून, दोन सुयांनी, हातानंच घालते.