डिपॉझिट ३ लाख दिलं आणि रजिस्टर करारात ५०,०००… भाड्याने घर घेताय तर हे वाचा

ठाण्यात घोडबंदर रोडला आम्ही टू बीएचके भाड्याने घेतला होता, भाडं २०,००० आणि डिपॉझिट ३ लाख. घर सोडायच्या वेळी मालक शांतपणे म्हणाले डिपॉझिट ५०,००० होतं, करार काढून बघा. करारात खरंच ५०,००० च आहे. आणि तो काही साध्या स्टॅम्प पेपरवरचा कागद नाही, रीतसर नोंदणी झालेला लिव्ह अँड लायसन्स (घर ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) आहे, आमचे अंगठे आहेत, वेबकॅमवर काढलेले फोटो आहेत, सगळं आहे. उरलेले अडीच लाख कुठे गेले ते सांगते, कारण हा प्रकार एवढा सर्रास चालतो की आमच्याच बिल्डिंगमध्ये अजून दोन घरांचे करार असेच निघाले.

टोकन दिलं तेव्हा तीन लाखच ठरलं होतं, मालक, एजंट, आम्ही दोघं, सगळ्यांसमोर. मग करार करायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला आणि माहिती भरताना डिपॉझिटच्या जागी ५०,००० टाकले. नवऱ्याने तिथल्या तिथे विचारलं की अहो तीन लाख ना? तर म्हणे साहेब पूर्ण आकडा टाकला की स्टॅम्प ड्युटी फार वाढते, सगळे असंच करतात, बाकीच्या रकमेचा वेगळा कागद आपण ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून देऊ, काका आहेत ना समोर. काकांनी, म्हणजे मालकांनी, मान हलवली. वयस्कर माणूस, चहा वगैरे दिलेला, बोलायला एकदम गोड.

आता ती "फार वाढते" वाली स्टॅम्प ड्युटी किती ते बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर ड्युटी आहे पाव टक्का, आणि ती पूर्ण डिपॉझिटवर लागतच नाही, परत मिळणारं डिपॉझिट असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते व्याज कराराच्या मुदतीच्या एकूण भाड्यात मिळवतात आणि त्या बेरजेवर पाव टक्का. म्हणजे करारातून अडीच लाख लपवले तर व्याज कमी झालं २५,००० आणि त्याचा पाव टक्का म्हणजे साठेक रुपये. साठ रुपये!! नोंदणी फी शहरात १,००० रुपये, ती डिपॉझिट कितीही असो तेवढीच. त्यामुळे कुठलाही एजंट स्टॅम्प ड्युटी वाचवायची म्हणून आकडा कमी लिहू म्हणाला तर समजा कारण दुसरंच आहे.

तो नोटरीचा कागद आमच्या सह्या घेऊन एजंटकडे गेला, काकांची सही झाली की पाठवतो म्हणाला. नंतर प्रत्येक वेळी फोन केला की काका गावाला आहेत, काकांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, होऊन जाईल मॅडम तुम्ही कशाला टेन्शन घेता. कागद आजपर्यंत आलेला नाही. पैशांचं पण तसंच, ५०,००० काकांच्या खात्यात घेतले आणि बाकीचे अडीच लाख त्यांच्या मेहुण्याच्या खात्यात टाकायला सांगितले कारण काकांच्या खात्याचं म्हणे काहीतरी केवायसी अडकलंय. आता काका म्हणतात मेहुण्याचा आणि तुमचा काय व्यवहार होता ते मला माहीत नाही. मेहुणा म्हणतो मी उसने घेतले होते, देईन सावकाश. एजंट फोन उचलत नाही.

घर सोडताना आम्ही म्हटलं पैसे मिळाल्याशिवाय चावी देणार नाही. बरेच जण हेच करतात आणि इथेच मालकाचं फावतं, म्हणून हे नीट वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे कराराची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करून मालक बाहेर काढू शकतो आणि वरचे जितके दिवस राहाल त्याचे करारातल्या भाड्याच्या दुप्पट पैसे लागू शकतात. काकांना हे कलम नंबरासकट पाठ होतं. वकिलांनी आम्हाला सांगितलं की आधी चावी द्या, चावी दिल्याची सहीनिशी पोच घ्या, रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा आणि मग भांडा. तसंच केलं.

पोलीस चौकीत ऐकायला मिळालं की हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. वकिलांचं म्हणणं की लेखी नोंदणीकृत करारात आकडा लिहिलेला असताना त्याच्या उलट तोंडी सांगून सहसा भागत नाही, तुमच्याकडे लेखी काय आहे ते आणा. आमच्याकडे बँकेचं स्टेटमेंट होतं आणि व्हॉट्सॲपवर काकांचा स्वतःचा एक मेसेज सापडला, "मेव्हण्याकडे डिपॉ. चे २.५ पोचले, धन्यवाद". या एका ओळीच्या जोरावर नोटीस गेली आणि नोटीस गेल्यावर मेहुण्याने एक लाख परत टाकले. करारातल्या पन्नास हजारांतून रंगकामाचे १८,००० कापून बाकी दिले, बिल मागितलं तर बिल नाही. दीड लाख अजून अडकलेत, दावा लावतोय.

तुम्ही आता करार करणार असाल तर अंगठा लावायच्या आधी ड्राफ्टची पीडीएफ स्वतःच्या फोनवर मागून घ्या आणि भाडं, डिपॉझिट, मुदत, लॉक-इन (जेवढा काळ मध्येच घर सोडता येत नाही तो), रंगकाम एवढ्या ओळी तरी स्वतः वाचा, एजंट स्क्रीनवर भराभर खाली नेतो त्यात काही कळत नाही. डिपॉझिट ज्याचं नाव मालक म्हणून करारात आहे त्याच्याच खात्यात, ट्रान्सफरच्या शेऱ्यात फ्लॅट नंबर आणि "डिपॉझिट" लिहून. जमलं तर तो ट्रान्सफर नंबर करारात टाकून घ्या. आणि करार नोंदवायची जबाबदारी वरच्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे, तेव्हा एजंट "नुसती नोटरी चालते" म्हणाला तर अजिबात ऐकू नका.

ज्यांचा करार आधीच कमी आकड्याचा झालाय आणि अजून त्या घरात राहताय त्यांनी सोडायची वेळ यायची वाट बघू नका. संबंध चांगले आहेत तोवर मालकाला व्हॉट्सॲप किंवा मेल करा की काका आमचं एकूण डिपॉझिट तीन लाख तुमच्याकडे जमा आहे ना, रिन्यूअलला लागेल म्हणून विचारतोय, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. रिन्यूअल म्हणजे नवीनच करार असतो, त्यात पूर्ण आकडा घाला, वरचे साठ रुपये लागले तर तुम्हीच भरा.