मॉडबस आरटीयू की प्रोफिनेट: पीएलसीला ड्राइव्ह जोडताना

पीएलसीला (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) जोडायचा ड्राइव्ह (मोटरचा स्पीड सांभाळणारं उपकरण) एकच असेल आणि त्याला फक्त स्टार्ट, स्टॉप आणि स्पीड द्यायचा असेल, तर फार डोकं लावू नका, सीरियल वायरवर चालणारा मॉडबस आरटीयू घ्या. १९७९ सालचा हा प्रोटोकॉल आजही बहुतेक ड्राइव्हमध्ये आयताच मिळतो, वेगळं कार्ड लागत नाही. खरा प्रश्न येतो तो पाच-सहा ड्राइव्ह एका लाइनवर आल्यावर.

मॉडबसचे सुरुवातीचे त्रास सगळ्यांना पाठ आहेत. वायर जोडताना एका कंपनीचा 'ए' दुसरीचा 'बी' निघतो, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) जुळत नाही, मॅन्युअलमधलं ४०००१ प्रत्यक्षात शून्य नंबरचं रजिस्टर (डेटाचा कप्पा) असतं. पण हे एकदा बसलं की बसलं, त्यावरून मी त्याला नापास करणार नाही. स्पीडचं रजिस्टर ईईप्रॉममध्ये (पॉवर गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) तर लिहिलं जात नाही ना, एवढं मात्र पाहून घ्या. काही ड्राइव्हमध्ये रॅमचा पत्ता वेगळा असतो, आणि सतत लिहीत राहिलं की ईईप्रॉम झिजते.

माझं मत फिरलं ते टाइमआउटपायी, म्हणजे उत्तराची वाट पाहण्यात जाणाऱ्या वेळेपायी. मॉडबसचा मास्टर (इथे पीएलसी) हजेरी घेतल्यासारखा एकेकाला हाक मारतो आणि गैरहजर असलेल्यासाठीही थांबतो. मेंटेनन्सवाल्यांनी तीन नंबरच्या ड्राइव्हचा आयसोलेटर (पॉवर तोडणारा स्विच) पाडला, की एक सेकंद टाइमआउट आणि दोन रिट्राय धरून दर फेरीत तीन सेकंद त्या बंद ड्राइव्हवर जातात. ऑपरेटर पाच नंबरचा स्टॉप दाबतो, मोटर फिरतेच आहे. तो पुन्हा दाबतो, मग आपल्याला फोन. टाइमआउट २०० मिलिसेकंदांवर आणता येतो, बंद ड्राइव्हला फेरीतून वगळायचं लॉजिकही लिहिता येतं. मी लिहिलंय, चालतं. पण दर प्रोजेक्टला तेच नव्याने तपासत बसायचा कंटाळा येतो. (इमर्जन्सी स्टॉप अर्थातच वायरनेच, ड्राइव्हच्या एसटीओ या सेफ्टी इनपुटवर. तो यात धरलेला नाही.)

इथरनेट केबलवर चालणाऱ्या प्रोफिनेटमध्ये जीएसडीएमएल फाइल (ड्राइव्हची ओळख सांगणारी) टाकली, डिव्हाइसला नाव दिलं, टेलिग्राम १ (डेटाचा ठरलेला साचा) निवडला की कंट्रोल वर्ड (स्टार्ट-स्टॉपचे आदेश) आणि सेटपॉइंट (हवा तो स्पीड) साध्या इनपुट-आउटपुटसारखे समोर येतात. सेटपॉइंटमध्ये हेक्स (सोळाच्या पायातले) ४००० म्हणजे १०० टक्के स्पीड. एक ड्राइव्ह गेला तर त्याचाच फॉल्ट येतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. संपर्क तुटल्याचं ड्राइव्हला आपोआप कळतं. मॉडबसमध्ये ती देखरेख बऱ्याचदा पॅरामीटरमधून आपणच चालू करायची असते. ती राहून गेली तर केबल निघाली तरी मोटर शेवटच्या स्पीडवर फिरत राहते.

प्रोफिनेटचीही एक खोड आहे. ड्राइव्हला दोन पोर्ट दिसले की आपण एकातून दुसऱ्यात केबल नेतो, आणि मधल्याची पॉवर गेली की पुढचे सगळे गायब. म्हणजे पुन्हा तोच आयसोलेटर! यावर उपाय दोन: कंट्रोल कार्डाला बाहेरून २४ व्होल्ट द्या, नाहीतर पॅनेलमध्ये स्विच लावून प्रत्येकाला वेगळी केबल टाका. खर्च वाढतो, पण हे काम एकदाच करावं लागतं.

तुमचा पीएलसी जुना असेल, किंवा ड्राइव्ह पॅनेलपासून तीन-चारशे मीटरवर असेल, तर मॉडबसच बरा. तांब्याच्या इथरनेट केबलची मजल १०० मीटरपर्यंतच. बाकी ठिकाणी, बजेटने साथ दिली तर, मी हल्ली प्रोफिनेटचाच ड्राइव्ह मागवतो.