सोलापूरच्या उन्हाळ्यात सिंगल डोअर फ्रिज: वापरानंतरचा अनुभव

फ्रिज साधा, सिंगल डोअर, मागे उघडी जाळी असलेला. घर पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून यंत्रमाग. हिवाळ्यात तक्रारीला जागाच नव्हती. दूध, पालेभाजी, दही सगळं नीट टिकलं. खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली.

वर फ्रीझरला बोटभर बर्फ, खाली मात्र पाण्याची बाटली गारच होईना. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता. मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, "गॅस संपलाय, भरावा लागेल." हे ऐकून मला राग आला, कारण फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि गळती झाली तरच कमी होतो. गळती असती तर फ्रीझरभर सारखा बर्फ धरलाच नसता.

मग प्लग काढला आणि फ्रिज पुढे ओढला. मागच्या जाळीवर सोलापुरी चादर पांघरावी तसा सुताच्या तंतूंचा आणि धुळीचा थर! आतली उष्णता याच जाळीतून बाहेर पडते. ती कोंडली की कॉम्प्रेसर कितीही चालला तरी गारवा येत नाही. मऊ, कोरड्या ब्रशने जाळी आणि कॉम्प्रेसरच्या आजूबाजूची जागा साफ केली.

एवढा बर्फ का धरतोय, हा प्रश्न उरलाच होता. दारात नोट अडकवून दार लावलं आणि नोट ओढून पाहिली. वर घट्ट बसली होती, खालच्या कोपऱ्यात अलगद निघून आली. तिथून बाहेरची हवा आत जाते आणि तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होतो. दाराच्या कडेच्या रबराच्या घड्यांत पीठ नि साय वाळून बसली होती. साबणाच्या कोमट पाण्याने ती काढली, दबलेला कोपरा गरम फडक्याने शेकून पुन्हा फुगवला. बर्फ आपोआप वितळू दिला. तो सुरी किंवा उलथन्याने अजिबात खरवडू नका. फ्रीझरच्या पत्र्यातच नळ्या असतात, आणि हल्लीच्या बहुतेक फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेणारा असतो. नळीला भोक पडलं, तर दुरुस्ती आपल्या हातातली राहत नाही. रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा विजेचा भाग) आणि वायरिंगलाही मी हात लावला नाही.

भिंतीपासून वीतभर अंतर सोडून फ्रिज पुन्हा लावला. रात्रीतून गारवा आला, कॉम्प्रेसर मधे मधे थांबू लागला, आणि नॉब मधल्या आकड्यावर ठेवून मे महिना निघाला. भर दुपारी बाटली गार व्हायला वेळ लागतोच, पण त्यात फ्रिजचा दोष नाही.

लहान कुटुंबासाठी हा फ्रिज मी नक्की सुचवेन. रबर मात्र याहून चांगलं हवं होतं, आणि जाळी साफ करण्याची सूचना ठळक छापायला हवी होती. घेताना स्टिकरवरचा हवामान वर्ग बघा. 'टी' म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंतच. आपल्याकडे 'एसटी' घेऊ नका, आणि माग शेजारी असेल तर जाळी महिन्याच्या महिन्याला झाडा.